दुर्मीळ रसाळ वनस्पतींचा घरगुती संग्रह : कुंडीबरोबर येणारे कीटक आणि कड्यावर राहणारे कीटक

गेल्या जूनच्या अखेरीस, लखनौत पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर, ओळखीच्या एक काकू पुठ्ठ्याचे छोटे खोके घेऊन प्रयोगशाळेत आल्या. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातील. विवाहानंतर गेली चाळीस वर्षे लखनौत स्थायिक. गच्चीवर त्यांच्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत आणि त्यांतील बहुतेक निवडुंगांच्या व अन्य रसाळ वनस्पतींच्या. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लिंबाएवढा, किंचित चपटा कंद होता. विक्रेत्याने तो ‘हरिश्चंद्रगडावरील सेरोपेजिया लावी’ या नावाने टपालाने पाठविला होता. काकू म्हणाल्या, “डॉक्टर, याला बुरशी लागली आहे का तेवढे पाहा. वाचत असेल तर वाचवू या.”

भिंगाखाली पाहिल्यावर तो पांढरा थर बुरशीचा नसल्याचे दिसले. तांदळाच्या कणीहून बारीक, लांबट, पांढुरके कीटक त्यात संथपणे हालत होते. ते मुळांवरील पिठ्या ढेकूण होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट कंदाला चिकटलेल्या मातीत होती. रोपवाटिकेच्या मिश्रणात असतो तो कोकोपीट, परलाइट किंवा चाळलेली वाळू यांचा मागमूस नव्हता. होता तो तांबूस मुरूम आणि त्यात गुंतलेली रानगवताची मुळे. कंदाच्या एका बाजूस हत्याराची ताजी जखम होती. हा कंद कोणी वाढविलेला नव्हता; डोंगरावरून खणून काढलेला होता.

रसाळ वनस्पतींच्या संग्रहात कीटकशास्त्राचे दोन प्रश्न असतात आणि ते दोन्ही त्या खोक्यात एकत्र आले होते. वनस्पतीबरोबर घरात येणारे कीटक ओळखायचे आणि अडवायचे कसे, हा पहिला. वनस्पती मूळ जागेवरून उचलल्यावर जे कीटक मागे राहतात त्यांच्यावाचून तिचे काय होते, हा दुसरा. पहिल्याविषयी बागकामाच्या पुस्तकांत थोडेफार लिहिलेले असते. दुसऱ्याचा विचार संग्राहक सहसा करीत नाहीत, आणि खरे सांगायचे तर आम्ही कीटकशास्त्रज्ञही त्यांना तो सांगण्यात कमी पडलो आहोत.

पांढरा कापूस कोणाचा?

लखनौ परिसरात ‘पिठ्या ढेकूण’ म्हटले की मलिहाबादच्या दशहरी आंब्यावरील ड्रोसिका मँजिफेरी ही कीड प्रथम आठवते. तिची वर्षातून एकच पिढी होते. मादी एप्रिल-मे महिन्यांत झाडावरून उतरून मातीत अंडी घालते. डिसेंबर-जानेवारीत पिल्ले बाहेर पडून खोडावर चढू लागतात. खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्या कडेस चिकट पदार्थ लावला की पिल्लांची वाट अडते. वर्षातील एक विशिष्ट काळ आणि एकच मार्ग ठाऊक असल्याने हा उपाय यशस्वी होतो.

कुंडीतील पिठ्या ढेकणांना हा न्याय लागू पडत नाही. निवडुंग, इचेव्हेरिया, हावर्थिया, युफोर्बिया, होया अशा अनेक वनस्पतींवर आढळणाऱ्या प्लॅनोकॉकस सिट्रीची मादी कापसासारख्या पिशवीत साधारणपणे ३०० ते ६०० अंडी घालते. उबदार हवेत एक पिढी महिन्याभरात पूर्ण होते आणि पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. कोणत्याही दिवशी त्याच कुंडीत अंडी, पिल्ले आणि प्रौढ माद्या सापडतात. अंडी पिशवीत सुरक्षित, प्रौढ मादी मेणाच्या थराखाली सुरक्षित. नुकतीच बाहेर पडलेली, फिरती पिल्ले मात्र जवळजवळ उघडी असतात. म्हणून एकदाच केलेली फवारणी हा केवळ मनाचा दिलासा ठरतो. ७ ते १० दिवसांच्या अंतराने किमान तीन वेळा उपाय करणे आवश्यक असते.

ही कीड वाढणाऱ्या शेंड्यात, पानांच्या बेचक्यात आणि निवडुंगाच्या काट्यांच्या बुडाशी दडते. तिच्या शरीरातून पाझरणाऱ्या चिकट गोड द्रवावर काजळी वाढते आणि मुंग्या येतात. संग्राहकाने खरे तर मुंग्यांकडेच लक्ष ठेवावे. एखाद्या कुंडीवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली असेल, तर पांढरा कापूस दिसण्याची वाट पाहू नये.

मुळांवरील पिठ्या ढेकूण अधिक फसवे असतात. वर काहीही दिसत नाही. वनस्पती वाढत नाही, सुरकुतते, पाणी दिले तरी टवटवीत होत नाही. मग मालक आणखी पाणी देतो आणि ती कुजते. मृत्यूचे कारण ‘अतिपाणी’ असे नोंदविले जाते. रोप कुंडीतून काढून पाहिल्यास मातीच्या गोळ्याच्या बाहेरील बाजूस व कुंडीच्या आतील भिंतीवर निळसर-पांढरे मेणाचे ठिपके दिसतात. माझ्या स्वतःच्या संग्रहातील सात हावर्थिया मी अशाच गमावल्या. पहिल्या सहांच्या वेळी मुळे तपासण्याचे सुचले नाही, हे कीटकशास्त्राची पदवी भिंतीवर असताना मान्य करणे सोपे नाही.

याशिवाय एप्रिल ते जून या काळात, लू वाहत असताना, लाल कोळी येतो. तो कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. निवडुंगाच्या कोवळ्या भागावर गंजासारखे करडे-तपकिरी चट्टे उठतात आणि ते कायम राहतात. बहुतेकांना ते उन्हाचे चटके वाटतात. उन्हाचा चटका सूर्याच्या बाजूलाच असतो; कोळ्याचे चट्टे शेंड्याभोवती सर्व बाजूंना असतात, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे.

कापूस चिरडल्यावर लाल रंग निघाला तर

फड्या निवडुंगावर, म्हणजे ओपन्शियावर, पांढरा कापूस दिसला तर तो काडीने चिरडून पाहावा. पिवळसर किंवा फिकट द्रव निघाला तर पिठ्या ढेकूण. गडद किरमिजी रंग निघाला तर तो कोचिनिल, म्हणजे डॅक्टिलोपिअस या प्रजातीतील कीटक होय. हा रंग कार्मिनिक आम्लाचा असतो.

या कीटकाचा भारताशी असलेला संबंध जुना आणि काहीसा विनोदी आहे. किरमिजी रंगाच्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती आणि ती मोडण्याची ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा होती. मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागही उभारली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी रिओ दि जानेरोहून कीटक कलकत्त्यास आणले. ते उत्तम रंग देणारे डॅक्टिलोपिअस कॉकस आहेत असा समज होता. प्रत्यक्षात ते डॅक्टिलोपिअस सिलोनिकस होते. रंग हलका निघाला, व्यापार बुडाला. कीटकांनी मात्र ओपन्शिया मोनॅकँथा या रानमाजलेल्या निवडुंगाचा फडशा पाडला. ते पाहून १८३६ ते १८३८ या काळात हे कीटक दक्षिण भारतात आणि पुढे १८६० च्या दशकात श्रीलंकेत मुद्दाम सोडण्यात आले. तणाचे कीटकाद्वारे जैविक नियंत्रण झाल्याचे जगातील पहिले उदाहरण म्हणून हे आजही शिकविले जाते. त्याचा उगम एका चुकीच्या ओळखीत आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी गंमत वाटते.

या कीटकाने ओपन्शियाच्या दुसऱ्या जातींना फारसा हात लावला नाही. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून डॅक्टिलोपिअस ओपन्शी ही वेगळी जात आणावी लागली. संग्राहकाला यातून उपयुक्त माहिती मिळते. कोचिनिल निवडुंग कुळाबाहेर जात नाही आणि त्यातही मुख्यतः ओपन्शिया व त्याच्या जवळच्या नातेवाइकांवर राहतो. शेजारच्या कोरफडीची किंवा युफोर्बियाची चिंता करण्याचे कारण नाही. पिठ्या ढेकूण मात्र कोणताही भेद पाळत नाहीत.

तरीही कोचिनिलग्रस्त कुंडी घरात ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. एकेकाळी हा कीटक तणाचा शत्रू म्हणून आपला मित्र होता. आता बिनकाटेरी निवडुंग कोरडवाहू भागातील चारापीक म्हणून लावला जात आहे. झाशी येथील चारा संशोधन संस्था, जोधपूरची ‘काझरी’ आणि महाराष्ट्रात ‘बाएफ’ यांनी त्यावर काम केले आहे. मोरोक्कोमध्ये २०१४ मध्ये डॅक्टिलोपिअस ओपन्शी आढळला आणि पुढील काही वर्षांत तेथील निवडुंगाच्या बागा मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाल्या. शोभेची म्हणून बुंदेलखंडातील किंवा माणदेशातील नातेवाइकाला भेट दिलेली एक ग्रस्त फांदी चाऱ्याच्या शेतापर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागणार नाही.

उंबरठ्यावरील विलगीकरण

शोभेच्या वनस्पतींच्या किडी शेतापर्यंत जात नाहीत, हा समज शेतकऱ्यांना महाग पडलेला आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण, पॅराकॉकस मार्जिनेटस, भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम नोंदला गेला आणि २०१० पर्यंत पुण्याच्या परिसरात पोहोचला. पपई आणि तुती यांच्याबरोबरच तो जास्वंद व चाफा यांवरही सुखाने राहतो. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपायी या परोपजीवी गांधीलमाशीने त्याला आवर घातला. प्रत्येक वेळी असा तोडगा सापडेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. परदेशातून वनस्पती आणावयाची असल्यास वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र बंधनकारक आहे. ‘खेळणी’ किंवा ‘सजावटीचे सामान’ असे लिहून टपालाने येणारी मुळे नसलेली रोपे ही पळवाट छंदाच्या वर्तुळात सर्रास वापरली जाते. ती वापरणाऱ्यांत अनेक सुशिक्षित मंडळी आहेत, म्हणून हे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

घरातील व्यवस्था सोपी आहे. नवीन रोप आले की त्याची जुनी माती पूर्ण काढून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, बागेत टाकू नये. मुळे वाहत्या पाण्याखाली धुऊन भिंगाने पाहावीत. शंकास्पद मुळे कापावीत आणि रोप सावलीत ५ ते ७ दिवस उघडे सुकू द्यावे. रसाळ वनस्पती एवढा उपास सहज सोसतात. नंतर नवीन मिश्रणात लावून अन्य कुंड्यांपासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत किंवा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, किमान सहा आठवडे ठेवावे. सहा आठवड्यांत पिठ्या ढेकणांची एक पिढी पूर्ण होते. एखादे अंडे सुटले असेल तर ते या मुदतीत उघड होते. या कुंडीला पाणी सर्वांत शेवटी घालावे आणि तिची बशी वेगळी असावी. एकाच मोठ्या तबकात दहा कुंड्या ठेवून खालून पाणी देण्याची पद्धत मुळांवरील किडीसाठी राजमार्ग ठरते.

मिश्रणाबाबत लखनौची एक स्थानिक अडचण आहे. गोमतीकाठची गाळाची माती अतिशय बारीक असते. पावसाळ्यात ती चिखल होते आणि मे महिन्यात विटेसारखी घट्ट बसते. मिश्रणात ती एक चतुर्थांशाहून अधिक नसावी. उरलेला भाग चाळून भुकटी काढून टाकलेला विटांचा चुरा, भरड वाळू आणि थोडे कुजलेले पानखत यांचा असावा. सतत ओल्या कोकोपीटमध्ये बारीक काळ्या माश्यांची पैदास होते आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळे खातात, हे आणखी एक कारण.

प्रादुर्भाव आढळलाच तर प्रथम कापसाचा बोळा किंवा बारीक कुंचला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक कीड पुसून काढावी. हे काम सायंकाळी करावे आणि रोप दुसऱ्या दिवशी सावलीतच ठेवावे. निंबोळी तेल उपयोगी आहे, परंतु इचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी त्याने कायमची जाते आणि तेल लावलेले पान लखनौच्या उन्हात भाजते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी बरा.

क्रिप्टोलेमस माँट्रोझिएरी हा ढालकिडा पिठ्या ढेकणांचा उत्तम भक्षक आहे. १८९८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आजही जैविक कीड नियंत्रणाच्या प्रयोगशाळांत त्याची पैदास होते. बंदिस्त हरितगृहात तो चांगले काम करतो. उघड्या गच्चीवर चार-दोन कुंड्यांसाठी सोडल्यास उडून जातो. त्याची अळी मात्र प्रत्येक संग्राहकाने ओळखायला शिकावी, कारण तीही पांढऱ्या मेणाच्या झालरींनी झाकलेली असते आणि मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ती आकाराने मोठी, झालरी लांब आणि चाल चपळ. कित्येकजण तिलाच वेचून मारतात.

कीटकनाशकांविषयी एकच गोष्ट. घरगुती कुंड्यांत फोरेटचे दाणे टाकण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. फोरेटवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे आणि डायक्लोरव्हॉसवरही त्याच दिवसापासून. घराच्या सज्जात, जेथे मूल मातीत हात घालते आणि मांजर कुंडीत झोपते, तेथे ही द्रव्ये पूर्वीही योग्य नव्हती. कोणाकडे जुना डबा शिल्लक असल्यास तो कृषी विभागाच्या सल्ल्याने नष्ट करावा.

फुलात कोंडलेली माशी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. महाराष्ट्रातील दुर्मीळ रसाळ वनस्पती म्हटल्यावर दोन गट प्रामुख्याने पुढे येतात : कंदीलपुष्प किंवा खरपुडी या नावांनी ओळखला जाणारा सेरोपेजिया, आणि माकडशिंगाचा गट. दोन्ही रुईच्या कुळातील. सेरोपेजियाच्या अनेक जाती केवळ सह्याद्रीत, आणि काही तर मोजक्या डोंगरमाथ्यांवरच आढळतात. कंद खाद्य असल्याने माणसे, गुराखी मुले, रानडुकरे आणि साळिंदर यांचा त्यावर पूर्वापार डोळा आहे. त्यात आता संग्राहकांची भर पडली आहे.

या फुलाची रचना कीटकशास्त्रज्ञाला मोहात पाडणारी आहे. खाली फुगीर कोठडी, वर अरुंद नळी आणि टोकाला एकमेकांना जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा. बारीक माश्या गंधाने आकर्षित होऊन पिंजऱ्याच्या फटीतून नळीत उतरतात. नळीतील ताठ केस खाली झुकलेले असल्याने आत जाणे सोपे, परतणे अशक्य. कोठडीत धडपडताना माशीच्या सोंडेला परागपुंजांची जोडी चिकटते. पुढे केस सुकतात, फूल आडवे होते आणि माशी सुटते. ती पुन्हा दुसऱ्या फुलात अडकली तरच परागण होते. सर्व डाव त्या दुसऱ्या फुलावर अवलंबून असतो.

दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनी हिच्याविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, तिचे फूल जखमी मधमाशीसारखा गंध सोडते. कोळ्याच्या तोंडी सापडलेल्या मधमाशीचे रस चोरून पिणाऱ्या डेस्मोमेटोपा माश्या त्या गंधाला भुलतात. म्हणजे त्या वेलीला फळ धरण्यासाठी त्या माश्या हव्यात, त्या माश्यांना मधमाश्या आणि कोळी हवेत, आणि मधमाश्यांना आसपासची फुले हवीत. सह्याद्रीतील प्रत्येक जातीचा माशीशी असलेला करार इतक्या बारकाईने उलगडलेला नाही. तो प्रत्येक जातीचा थोडा वेगळा असणार, एवढे निश्चित. कंद खणून लखनौला आणला तर हा करार सोबत येत नाही.

शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, हिची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. निकोल डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले. अलीकडील वर्गीकरणात तिला बुसेरोसिया फ्रेरी म्हणतात. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या आणि काही मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर ती लोंबत वाढते. तिच्या गटातील इतर वनस्पती पर्णहीन. हिला मात्र पावसाळ्यात खरीखुरी पाने येतात. किरमिजी, पिवळी नक्षी असलेल्या चांदणीसारख्या फुलांवर माश्या येतात.

कड्यावर दुर्मीळ असलेली ही वनस्पती कुंडीत मात्र अजिबात अवघड नाही. छाट सुकवून लावला की तो रुजतो. युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे ती वर्षानुवर्षे आहे. म्हणून ‘आम्ही तिचे संवर्धन केले’ असे अनेकजण म्हणतात आणि ते काही अंशी खरेही आहे, कारण छाटापासून वाढविलेले रोप विकत मिळत असेल तर कोणी दोरी बांधून कड्यावर उतरत नाही. परंतु एकाच रोपाच्या छाटांपासून केलेल्या हजार कुंड्या आनुवंशिकदृष्ट्या एकच रोप असते. एका कुंडीला मारणारा रोग हजारही मारू शकतो. आणि या गटात एका झाडाचा पराग त्याच झाडाला सहसा चालत नसल्याने त्या हजार कुंड्या शेजारी ठेवल्या तरी बी धरण्याची आशा फार थोडी. विविधता टिकविण्यासाठी वेगवेगळ्या डोंगरांवरील रोपांचे मूळ नोंदवून त्यांची पैदास करावी लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सेरोपेजियाच्या जातींवर असे काम झाले आहे. घरगुती संग्राहकाने त्याच्या जवळपास जायचे ठरविले तर कुंडीवर नावाबरोबर ‘कोठून आले, कोणाकडून आले, छाट की बी’ एवढे लिहिणे ही पहिली पायरी.

पावसाळ्यात आपल्या सेरोपेजियावर किंवा माकडशिंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे व पिवळे ठिपके असलेली अळी दिसली, तर ती बहुधा प्लेन टायगर फुलपाखराची असते. तिला मारू नये. जवळच्या रुईच्या झाडावर हलवावे. नावडत्या पाहुण्यांत मोडणारी ही एकच कीड आहे, जिच्याविषयी मी पक्षपाती आहे.

विकत घेण्यापूर्वी

२०२० मध्ये इटलीतील एका घरातून चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले कोपियापोआ आणि एरिओसायसी या निवडुंगांचे हजाराहून अधिक नमुने जप्त झाले. पुढील वर्षी त्यांतील आठशेहून अधिक चिलीला परत पाठविण्यात आले. त्या निवडुंगांना ओळखणे तज्ज्ञांना अवघड गेले नाही. रोपवाटिकेत वाढलेला निवडुंग सुबक, एकसारखा आणि बुडापर्यंत हिरवा असतो. रानातील निवडुंगाचे बूड राखाडी, खरखरीत, एका बाजूला झुकलेले, जुन्या जखमांचे असते. मुख्य मूळ तुटलेले असते. भारतीय कंदांच्या बाबतीत मातीच साक्ष देते. विक्रेत्याकडे एकाच जातीचे लहान-मोठे सर्व वयांचे कंद थोड्या संख्येने असतील आणि ते फक्त पावसाळ्यात मिळत असतील, तर ते कोठून येतात हे विचारावे. त्याच्याकडे बियांपासूनची रोपे एका वयाची आणि वर्षभर असतील तर निर्धास्त घ्यावीत.

निवडुंग कुळातील जवळजवळ सर्व जाती आणि रसाळ युफोर्बिया ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने ही परिशिष्टे भारतीय कायद्यात आली. वनक्षेत्रातून कोणतीही वनस्पती परवानगीवाचून उपटणे हा तर आधीपासूनच गुन्हा आहे. ज्यांना केवळ पाहण्याची हौस आहे त्यांच्यासाठी लखनौत सिकंदरबागेतील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे निवडुंगगृह उत्तम. नावांच्या पाट्यांसह एवढ्या जाती एकत्र पाहिल्यावर विक्रेत्यांची बरीच नावे खोटी असल्याचे आपोआप कळू लागते.

काकूंच्या कंदाकडे परत येतो. त्यांनी प्रथम विचारले, “साताऱ्याला जाईन तेव्हा डोंगरावर नेऊन लावला तर?” मी स्पष्ट नकार दिला. तो कोणत्या डोंगरावरचा हे ठाऊक नव्हते, आणि त्याच्या मुळांवर असलेली कीड वाटेतील कोणत्या गोदामात लागली हेही ठाऊक नव्हते. परतीच्या भावनेने ती कीड कड्यावरील धडधाकट कंदांपर्यंत नेणे हे खणण्याहून मोठे नुकसान ठरले असते. कंद धुतला, कुजका भाग कापला, आठवडाभर सुकवून विटांच्या चुऱ्यात लावला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत वेगळा ठेवला. तीन वेळा मुळे तपासली. तिसऱ्या वेळी कीड नव्हती.

जुलैच्या मध्यास कोंब आला आणि तो काडीभोवती वळसे घेत चढू लागला. तेव्हाच विक्रेत्याचे नाव खोटे ठरले, कारण सेरोपेजिया लावी ताठ उभी वाढते, वेल होत नाही. पाने आणि खोड केसाळ होते. ऑगस्टच्या अखेरीस फूल उमलल्यावर ती सेरोपेजिया हिर्सुटा असल्याचे दिसले. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आढळणारी, अतिदुर्मीळ म्हणता येणार नाही अशी जात. काकूंना किमतीचे वाईट वाटले नाही. “मग हिला तिथेच राहू द्यायची होती,” एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते फूल उभे चिरून पाहिले. कोठडीत दोन मिलिमीटर लांबीची एक माशी होती, जिवंत. खिडकीच्या जाळीतून आलेली, लखनौचीच. भिंगाखाली तिच्या सोंडेवर परागपुंजांची पिवळी जोडी स्पष्ट दिसत होती. मी ती अल्कोहोलच्या कुपीत ठेवली आणि चिठ्ठीवर ठिकाण, दिनांक व वनस्पतीचे नाव लिहिले. वेलीवर त्या मोसमात आणखी अकरा फुले आली. शेंग एकही धरली नाही.